आगगाडीच्या आवाजाचा हिशेब

जी आगगाडी अद्याप रुळांवर आलेली नाही, तिचा आवाज कोणाच्या घरात किती ऐकू येईल, हे आज आधीच सांगता येते. संगणकात गावाचा नकाशा भरावयाचा, त्यावर लोहमार्ग आखावयाचा, गाड्यांची संख्या, लांबी आणि वेग यांचे आकडे पुरवावयाचे. मग संगणक हिशेब करतो आणि पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात. हिरवा पट्टा म्हणजे शांत भाग, पिवळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे त्रासाचा. ज्याचे घर हिरव्या पट्ट्यात पडले त्याची तक्रार बहुधा तेथेच मिटते. ज्याचे तांबड्यात पडले त्याच्यासाठी आवाज अडविणारी भिंत घालावी काय, असा विचार निदान सुरू तरी होतो.

असा नकाशा पुढे ठेवला की माणूस दबून जातो. संगणकाने काढलेला आहे, तेव्हा तो खराच असणार, असे त्यास वाटते. वास्तविक हे रंग संगणक आपल्या बुद्धीने ठरवीत नाही. ते ठरतात आधी भरलेल्या आकड्यांनी. हे आकडे भरण्याच्या चौकटींना इंग्रजीत ‘सेटिंग्ज’ म्हणतात. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या की तार चढते किंवा उतरते, तसाच हा प्रकार आहे. गवयाची खुंटी चुकली तर बेसूरपणा साऱ्या सभेला कळतो. येथील खुंटी चुकली तर ती कोणालाच कळत नाही, कारण नकाशा तितकाच सुंदर दिसतो. म्हणून या खुंट्या कोणत्या आणि त्या पिळल्याने काय होते, हे समजून घेण्याचा आज आपला उद्देश आहे.

पेण ते रोहे हा टापू या विषयासाठी फार सोयीचा आहे. दिव्याहून पनवेल, आपटे असा आलेला मार्ग १९८६ साली रोह्यापर्यंत पोहोचला आणि रोहे हे मार्गाचे शेवटचे टोक झाले. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, उत्तरेकडचा रोहे ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, आणि १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर शेवटचे टोक असलेले रोहे मधले स्थानक बनले. १९९९ साली जवळच्या कोलाडहून भरलेल्या मालमोटारी सपाट डब्यांवर चढवून गोव्याकडे नेण्याची सोय झाली. २०२१ साली रोहे ते वीर मार्ग दुहेरी झाला, २०२२ साली कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे झाले, आणि २०२३ च्या जूनमध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत गाडी याच मार्गाने धावू लागली. याशिवाय पेणहून थळच्या खत कारखान्याकडे मालगाड्यांचा फाटा जातो, डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल आहे, नागोठण्याचे रसायन कारखाने आहेत. या प्रत्येक बदलाबरोबर पेण, कासू, नागोठणे, निडी आणि रोहे येथल्या रुळांकाठच्या घरांत पोहोचणारा आवाज बदललेला आहे. कोठे तो वाढला, कोठे त्याची जात पालटली.

आता कायद्याकडे पाहू. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ६५, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या नियमांत आगगाडीसाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही. तसेच २००६ सालच्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना आधी परवानगी घ्यावी लागते त्यांची यादी आहे, तीत लोहमार्ग नाहीत. त्यामुळे आवाजाचे अंदाज आपल्याकडे बहुधा परदेशी वित्तसंस्थांच्या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पांत, त्या संस्थांच्या अटींप्रमाणे काढले जातात. मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या पुलांवर रुळांच्या पातळीपासून २ मीटर उंचीचे आणि प्रत्येकी सुमारे ८३० ते ८४० किलो वजनाचे काँक्रीटचे पडदे बसविण्यात येत आहेत. अशा पडद्याची उंची किती असावी हे ठरविण्याचे साधन म्हणजे हाच हिशेब.

डेसिबेल हे माप प्रथम नीट ध्यानात घ्यावयास हवे, कारण त्याची बेरीज बाजारातल्या बेरजेसारखी नसते. ५० आणि ५० डेसिबेल मिळून १०० होत नाहीत, ५३ होतात. आवाजाची शक्ती दुप्पट झाली की माप ३ ने वाढते. दसपट झाली की १० ने वाढते, आणि कानाला मात्र तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो. उलट अर्थाने पाहिले तर अहवालातील ३ डेसिबेलची चूक किरकोळ दिसते खरी, पण ती निम्म्या गाड्या गाळल्याइतकी मोठी असते.

हिशेबाच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. जर्मनीची ‘शाल ०३’, इंग्लंडची १९९५ सालची पद्धत, हॉलंडची १९९६ सालची पद्धत, आणि या साऱ्यांच्या जागी युरोपीय संघाने २०१५ साली ठरविलेली व २०१८ च्या अखेरीपासून बंधनकारक केलेली ‘क्नॉसॉस’ ही सामाईक पद्धत. साउंडप्लॅन, कॅडना-ए यांसारख्या विकतच्या आज्ञावलींत यांपैकी हवी ती पद्धत निवडता येते. फ्रान्समधील गुस्ताव्ह एफेल विद्यापीठाची ‘नॉइझमॉडेलिंग’ ही आज्ञावली तर कोणालाही विनामूल्य मिळते. आपल्या महाविद्यालयांतील मुलांनी मनावर घेतले तर पेण–रोहे मार्गाचा नकाशा ती स्वतः काढू शकतील. मात्र या साऱ्या पद्धती युरोपातल्या गाड्यांवर आणि तेथील १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर बेतलेल्या आहेत. आपले रूळ १६७६ मिलिमीटरचे. म्हणून ‘आमच्या मालगाडीला तुम्ही तेथील कोणत्या गाडीच्या रांगेत बसविले?’ हा पहिला प्रश्न उभा राहतो.

पहिली खुंटी वेळेची. युरोपात चोवीस तासांचे तीन भाग करतात : सकाळी ७ ते सायंकाळी ७ दिवस, ७ ते ११ सायंकाळ, आणि ११ ते सकाळी ७ रात्र. सायंकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबेल जादा धरून चोवीस तासांचा एकच आकडा काढतात. आज्ञावली उघडली की बहुधा हीच विभागणी आधीपासून भरलेली असते. ती तशीच राहू दिली तर रात्री साडेदहाची मालगाडी सायंकाळच्या खात्यात जाते, आणि निघालेला एकत्रित आकडा आपल्या ५५ आणि ४५ च्या मर्यादांशी ताडून पाहता येत नाही. आपल्याकडे दोनच भाग हवेत आणि त्यांचे आकडे स्वतंत्र हवेत.

दुसरी खुंटी संख्येची, आणि येथेच सर्वांत मोठे घोटाळे होऊ शकतात. क्नॉसॉस पद्धतीत मूळ हिशेब गाड्यांचा नसून वाहनांचा, म्हणजे इंजिने आणि डबे यांचा असतो, तोही दर तासाचा. ५८ वाघिणींच्या मालगाडीबद्दल चौकटीत ५८ ऐवजी १ लिहिले गेले तर आवाज सुमारे १८ डेसिबेलने खाली येतो. तांबडा पट्टा सरळ हिरवा होतो. याउलट, रात्रीच्या आठ तासांतल्या एकूण गाड्या दर तासाच्या चौकटीत लिहिल्या तर ९ डेसिबेल फुकटचे वाढतात. अशी चूक लोकांच्या बाजूची असली तरी तिचा त्यांना उपयोग नाही. ती उघडकीस आली की त्यांचा सारा दावाच कोसळतो.

गाड्यांची यादी आणावयाची कोठून? स्थानकावरचे छापील वेळापत्रक पुरेसे नाही, कारण त्यात मालगाड्या नसतात. खताच्या, कोळशाच्या, पोलादाच्या गाड्या आणि मालमोटारी वाहणाऱ्या गाड्या त्यात सापडावयाच्या नाहीत. आणि रात्री झोप मोडणाऱ्यांत त्यांचाच भरणा अधिक. खरी नोंद प्रत्येक ब्लॉक स्थानकात स्टेशनमास्तरजवळच्या ट्रेन सिग्नल रजिस्टरात असते. तीत प्रत्येक गाडीची वेळ मिनिटावर लिहिलेली असते. अंदाज करणाऱ्याने ती नोंद मिळविली की नुसते प्रवासी वेळापत्रक उतरविले, हे अहवालात पाहावयास हवे.

तिसरी खुंटी गाडीच्या जातीची. मध्यम वेगाच्या आगगाडीचा मुख्य आवाज इंजिनाचा नसून चाक आणि रूळ यांच्या घासण्याचा असतो. दोन्ही दिसावयास गुळगुळीत असली तरी त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे चढउतार असतात. त्यांच्यामुळे चाक थरथरते, रूळ थरथरतो, आणि ती थरथर हवेत आवाज होऊन पसरते. ज्या डब्यांचे ब्रेक ओतीव लोखंडाचे असून चाकाच्या धावेवरच दाबले जातात, त्यांची चाके खरखरीत होतात, आणि असे डबे ८ ते १० डेसिबेलने अधिक गाजतात. म्हणून स्वित्झर्लंडने २०२० पासून आणि जर्मनीने त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून असल्या मालडब्यांना बंदी केली. आपल्या नव्या एलएचबी डब्यांना तबकडीचे ब्रेक आहेत, जुन्या आयसीएफ डब्यांचे ब्रेक चाकावर दाबतात. तेव्हा दोहोंना एकाच चौकटीत घालणे बरोबर नाही. विद्युतीकरणानंतर डिझेल इंजिनाची घरघर कमी झाली हे खरे, परंतु चाकांचा आवाज विजेवर गाडी चालविल्याने कमी होत नाही. ‘आता विजेच्या गाड्या आहेत, आवाजाचे काय घेऊन बसलात?’ असे कोणी म्हणाल्यास हे उत्तर ध्यानात ठेवावे.

चौथी खुंटी वेगाची. वेग दुप्पट झाला की चाकांचा आवाज सुमारे ९ डेसिबेलने वाढतो. मात्र गाडी निम्म्या वेळात निघून जाते, त्यामुळे सरासरीत वाढ ६ च्या आसपास राहते. आता मालगाडी एखाद्या ठिकाणी प्रत्यक्षात ४५ किलोमीटर वेगाने जात असताना चौकटीत परवानगीचा ७५ हा वेग भरला, तर सरासरी ४ डेसिबेलहून अधिक फुगते. याउलट, स्थानकाजवळ गाडी थांबते, बाजूच्या रुळावर उभी राहते, पुन्हा सुटते. तेथे कमी वेग लिहून मोकळे होता येत नाही. उभ्या इंजिनाची गुरगुर, ब्रेकचा कर्कश आवाज आणि सुटतानाचे हिसके यांची नोंद वेगळी करावी लागते. पेण स्थानकाच्या आसपास राहणाऱ्यांना या गोष्टीचे महत्त्व सांगावयास नको. शिवाय रोह्याच्या दक्षिणेस पावसाळी वेळापत्रक असते आणि मुसळधार पावसात वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात. म्हणजे पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा हिशेब एक नव्हे.

पाचवी खुंटी रुळांची. जोडलेल्या लांब रुळांवर गाडी सरसर जाते. फिशप्लेटच्या सांध्यांवर ती खटखट करते. क्नॉसॉस पद्धतीत सांध्याचा जो नमुना दिला आहे तो दर १०० मीटरला एक सांधा असे धरतो. आपला मूळ रूळ १३ मीटरचा. एखाद्या फाट्यावर किंवा यार्डात दर १३ मीटरला सांधा असेल, तर त्या खटखटीच्या भागात जवळजवळ ९ डेसिबेलची भर घालावी लागते. मुख्य मार्गाचे आकडे फाट्याला लावले की ही भर हरवते. पुलाचेही तसेच : काँक्रीटच्या पुलाने थोडी वाढ होते, पोलादी पूल मात्र स्वतःच डफासारखा वाजतो. तीव्र वळणावर चाके किंचाळतात, त्याचीही वेगळी चौकट असते.

सहावी गोष्ट शिट्टीची, आणि ही खुंटी बऱ्याच आज्ञावलींत नसतेच. चाकांच्या आवाजाच्या हिशेबात इंजिनाचा भोंगा धरलेला नसतो. आपल्याकडे फाटकाच्या अलीकडे ‘सी/फा’ असे लिहिलेली पिवळी पाटी असते; तिच्यापासून चालकाने शिट्टी वाजवीत यावयाचे असते. हा चालकाचा दोष नव्हे. ते त्याचे कर्तव्य आहे आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. अमेरिकेत २००५ सालच्या नियमांनी भोंग्याचा आवाज १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबेल असावा असे ठरविले, यावरून त्याच्या जोराची कल्पना येईल. म्हणून पाटीपासून फाटकापर्यंत भोंगा हा स्वतंत्र ध्वनिस्रोत म्हणून नकाशात हाताने मांडावा लागतो. तो मांडलेला नसेल तर फाटकाजवळच्या घरांपुरता तो नकाशा निरुपयोगी समजावा. यावरचा उपाय चालकास शिट्टी वाजवू नकोस असे सांगणे हा नसून, फाटकाच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी रस्ता करणे हा आहे.

सातवी खुंटी जमिनीची. मऊ, सच्छिद्र जमीन आवाज शोषते. पाणी, काँक्रीट आणि डांबर त्याला परत उसळवितात. हिशेबात मऊ जमिनीस १ आणि कठीण पृष्ठभागास ० असा अंक देतात. आता आपल्या टापूत हा अंक काय भरावयाचा? एप्रिलमध्ये नांगरलेले शेत १ च्या जवळ असते. तेच खाचर आवणीच्या दिवसांत पाण्याने भरले की ० होते. खारजमीन, मिठागर आणि खाडी यांचे पाणी तर बाराही महिने शून्याचे धनी. साऱ्या तालुक्यास ‘शेतजमीन’ म्हणून १ भरला तर खाडीपलीकडच्या वाडीला आवाज पोहोचतच नाही असा निष्कर्ष निघेल, आणि वाडीतली माणसे तो वाचून हसतील.

हवेचाही असाच प्रकार आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार झाली की आवाज वर न जाता खाली वळतो; दूरची गाडी अंगणातून गेल्यासारखी वाटते. स्थानिक नोंदी नसतील तर दिवसा ५०, सायंकाळी ७५ आणि रात्री १०० टक्के वेळ हवा आवाजाला अनुकूल धरावी, असा युरोपात संकेत आहे. रात्रीचा हा आकडा कोणी खाली आणला असेल, तर तो कोणत्या आधाराने आणला हे विचारावे.

आठवी खुंटी ऐकणाऱ्याच्या कानाची. नकाशातला आवाज जमिनीपासून किती उंचीवरचा? युरोपीय नकाशांत ही उंची ४ मीटर, म्हणजे साधारण पहिल्या मजल्याच्या खिडकीची असते. बैठ्या कौलारू घरातल्या माणसाचा कान त्याहून पुष्कळ खाली, आणि स्थानकाजवळ उठलेल्या नव्या इमारतींच्या सहाव्या मजल्यावरचा पुष्कळ वर. २ मीटरची भिंत खालच्याला आडोसा देते. वरचा तिच्या डोक्यावरून गाडी पाहतो आणि ऐकतो. म्हणून उंच इमारतीसाठी प्रत्येक मजल्याचा आकडा वेगळा मागावयास हवा. तसेच ज्या घरांचे हिशेब काढले त्यांत रेल्वेची वसाहत, फाटकवाल्याची खोली, गँगमनची घरे आहेत काय, हेही पाहावे. रेल्वेचा नोकर झाला म्हणून त्याच्या मुलांचे कान काही लोखंडाचे होत नाहीत.

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळतो, तो सरासरीचा. समजा, एक मालगाडी एका घराजवळून जाताना ३८ सेकंद ७४ डेसिबेल आवाज करते. ६४० मीटर लांबीची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली तर जाण्यास एवढाच वेळ लागतो. रात्रीच्या आठ तासांवर हा आवाज पसरला की सरासरी येते ४५, म्हणजे त्या एका गाडीनेच निवासी भागाची रात्रीची मर्यादा भरली. अशा दहा गाड्या गेल्या की सरासरी ५५, वीस गेल्या की ५८. अहवालात ‘५५’ एवढेच छापलेले असते. झोपलेल्या माणसाला मात्र ५५ हा आवाज कधीच ऐकू येत नाही. त्याला ऐकू येते दहा वेळा ७४ आणि मधल्या वेळात शांतता. सरासरी मजुरी सांगितल्याने सर्वांत खालच्या कामगाराच्या घरात काय शिजते ते कळत नाही, तसेच हे. म्हणून सरासरीबरोबर प्रत्येक गाडीचा कमाल आवाज आणि रात्रीतील अशा प्रसंगांची संख्या हे दोन आकडेही मागितले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी रेल्वेच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४४ डेसिबेलच्या खाली असावी अशी शिफारस केली, ती आपल्या ४५ च्या जवळच आहे.

या साऱ्या चौकटींत नसलेला एक माणूस आहे. धाटावच्या किंवा नागोठण्याच्या कारखान्यात रातपाळी करून सकाळी घरी येणारा कामगार नऊ वाजता अंथरुणाला पाठ टेकतो. कायद्याची रात्र सहालाच संपलेली असते. त्याच्या झोपेच्या वेळेला ५५ ची सूट आहे, आणि हिशेबात त्या वेळेसाठी जादा डेसिबेल धरलेले नाहीत. कामगार चळवळीत इतकी वर्षे वावरल्यावर मला सांगता येते, की तीन पाळ्यांच्या गावात ‘लोक रात्री झोपतात’ हे विधान अर्धेच खरे असते. आज्ञावलीत ही गोष्ट बसविणे अवघड नाही. सकाळी ८ ते दुपारी ४ असा आणखी एक काळ आखावा, त्याची सरासरी वेगळी काढावी आणि ती रात्रीच्या मर्यादेशी ताडून पाहावी. कायदा तसे करावयास सांगत नाही, पण मनाईही करीत नाही.

ही खुंटी तांत्रिक की सामाजिक? जर्मनीचे उदाहरण पाहा. तेथे अनेक वर्षे आगगाडीच्या हिशेबातून ५ डेसिबेल वजा करीत असत. रस्त्यावरील वाहनांपेक्षा गाडीचा त्रास लोकांना कमी वाटतो, असे त्याचे कारण देत. रुळांकाठच्या लोकांनी यास सतत विरोध केला, आणि २०१५ च्या आरंभापासून नव्या लोहमार्गांसाठी ही वजाबाकी रद्द झाली. एकही गाडी, एकही रूळ बदलला नाही. कागदावरचा एक आकडा बदलला, आणि त्यामुळे पुष्कळ घरे आवाजापासून संरक्षण मागण्यास पात्र ठरली.

अखेरीस पडताळा. अंदाज कितीही काळजीने केला तरी तो प्रत्यक्ष मोजणीशी लावून पाहिल्याखेरीज मान्य करू नये. चांगल्या प्रतीचा ध्वनिमापक दोन-तीन ठिकाणी निदान पूर्ण चोवीस तास ठेवावा आणि जवळून गेलेल्या प्रत्येक गाडीची वेळ लिहून काढावी. भ्रमणध्वनीवरील मापक कुतूहलासाठी ठीक. पुराव्यास तो चालणार नाही. भिंतीपासून एक मीटरवर मोजले तर भिंतीवरून परतलेला आवाजही मापात येतो व आकडा ३ पर्यंत वाढतो. नकाशातला आकडा मात्र बहुधा भिंतीच्या परतीशिवायचा असतो. हे ध्यानात न घेता दोन आकडे भांडविले तर दोन्ही पक्ष खरे बोलत असूनही वाद मिटणार नाही. फरक पडलाच तर सबंध नकाशात काही डेसिबेल मिळवून किंवा वजा करून तो झाकू नये. कोणती खुंटी चुकली ते शोधावे.

तेव्हा उद्या आपल्या गावात नवा फाटा, तिसरा मार्ग किंवा रुळांकाठी वसाहत होणार असेल आणि कोणी रंगीत नकाशा घेऊन आले, तर रंगांवर वाद घालीत बसू नये. भरलेल्या आकड्यांचा तक्ता मागावा आणि एवढे विचारावे : रात्र कोणत्या वेळेपासून धरली? मालगाड्यांची संख्या कोठून घेतली? आमचे डबे कोणत्या जातीत बसविले? वेग परवानगीचा की प्रत्यक्षातला? सांधे, पूल आणि भोंगा धरले काय? खाचरे भरलेली असताना जमीन काय मानली? कोणत्या मजल्यावरचा आवाज हा? आणि रातपाळीवाल्याची झोप कोणत्या चौकटीत आहे? यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. हे सारे आकडे साध्या तक्त्यात बसतात, आणि वीजबिल वाचता येणाऱ्या कोणालाही तो तक्ता वाचता येतो. तक्ता न देता केवळ नकाशा दाखविला जात असेल, तर तक्ता येईपर्यंत त्या नकाशावर सही करू नये.